कार्ड जागेवर होतं, पैसे नव्हते

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कामातून मोकळी होऊन दोन वर्षं झाली. तरी उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला माणसं पहाटे निघाली की मला घरात बसवत नाही. दारात येते, आत जाते, परत दारात येते. चूल पेटवलेली असते आणि भांडं चढवायचं राहून जातं.

आधी माझ्याबद्दल सांगते. पोलीस म्हटलं की लोकांना खाकी कपडे आणि खांद्यावरचे तारे दिसतात. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मी गावची पोलीस पाटील. मारामारी झाली, कोणी विहिरीत सापडलं, अनोळखी माणूस मुक्कामाला आला, तर ठाण्याला कळवायचं. पंचनाम्याला पंच उभे करायचे. साहेबाला गोंडी येत नसेल तर गावाचं बोलणं मराठीत सांगायचं. माझी शाळा चौथीपर्यंत. बाईसाठी जागा निघाली तेव्हा गावात त्याहून जास्त शिकलेली बाई नव्हती, म्हणून मला घेतलं. वीस वर्षांच्या वर काम केलं. मी अधिकारी होते असं म्हणत नाही, पण ठाण्याच्या टेबलाजवळ मी पुष्कळ बसलेली आहे.

गाव अहेरीच्या पुढे, जंगलात. नाव लिहीत नाही. कोणाचंच लिहिणार नाही, कारण ती माणसं तिथंच राहतात आणि मलाही तिथंच राहायचं आहे.

आमच्याकडे टॉवर नाही. विजेची लाइन आहे, पण वारा सुटला की ती चार-चार दिवस जाते. पानाची मजुरी बॅंकेत जमा व्हायची आणि ती काढायला दिवस मोडून अहेरीला जावं लागायचं. मग एका वर्षी बॅंकेची माणसं गावात आली आणि त्यांनी घरटी एक कार्ड दिलं. त्याला डिजिटल रुपया म्हणतात. कार्डाला नखाएवढी काच, त्यात आकडा दिसतो. पैसा त्या कार्डातच असतो, खिशातल्या नोटेसारखा. विकणाऱ्याजवळ साबणाच्या वडीएवढं मशीन असतं. त्याला कार्ड टेकवायचं, चार आकड्यांचा नंबर दाबायचा, की इकडचा पैसा तिकडे गेला. टॉवर नको, लाइन नको. ते मशीन पंधरा दिवसांतून एकदा टॉवर असलेल्या गावी नेलं की झालेला सगळा व्यवहार बॅंकेला कळतो.

गावाला हे पटलं. मलाही पटलं. कार्ड वाटायच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर रांग लावायचं काम मीच केलं. नंबर ठेवायला लोकांना फार वेळ लागत होता, तेही मी उरकून दिलं.

गावात मशीन दोन होती. एक किराणावाल्याकडे. दुसरं बचत गटाच्या एका बाईकडे, तिला सगळे सखी म्हणत. बारावी झालेली, तिशीची, माहेर भद्रावतीकडचं. आमच्या गावात ती लग्न करून आली. नवरा ट्रॅक्टर चालवतो, सासू अंगावरून वारं गेल्यामुळे खाटेवर. कोणाच्या मजुरीचे पैसे कार्डात भरून द्यायचे असतील तर ते काम ती करी. हिशेबाला चोख होती. तोंडाने गोड नव्हती, त्यामुळे मला आवडायची.

तेंदूच्या हंगामात पहाटे सगळं गाव जंगलात जातं. म्हातारेही जातात. दहा-अकराला पानांचे भारे घेऊन परत येतात, दुपारी पुडके बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या मोकळ्या जागेवर, नेऊन देतात. सकाळचे ते पाच तास घरं उघडीच असतात. कुलूप आमच्याकडे पूर्वी नव्हतं, आजही चार-सहा घरांनाच आहे. कार्ड कोणी जंगलात नेत नाही, पडेल म्हणून. तांदळाच्या मडक्यात, कुडाच्या फटीत, देवाच्या टोपलीत ठेवून जातात.

सोमवारी गाव पानांवरून परतल्यावर किराणावाला माझ्या घरी आला. चप्पल न काढता ओट्यावर बसला.

"पाटीलबाई, काहीतरी गडबड हाये. म्हातारी आली होती तेल न्याले. कार्डात भोपळा."

"खर्च केला असन."

"कुठी खर्च करन? दुकान एक माहं. तिच्यामागून अजून दोघं आले. त्याइचंबी तसंच. म्हनतेत कार्डानं पैसे खाल्ले."

तिसऱ्या प्रहरापर्यंत सात घरं झाली. सातही कार्डं जिथं ठेवली होती तिथंच होती. त्यामुळे चोरी कोणाच्या मनात आली नाही. कोणी म्हणालं चुलीजवळ ठेवलं म्हणून पैसे जळले. एकाने कार्ड उन्हात वाळत घातलं, पैसे परत येतील म्हणून. मला हसू आलं नाही. पंधरा दिवस वाकून तोडलेली पानं होती ती. पावसाळ्याचं धान्य त्यातूनच भरायचं होतं. मी ठाण्याला निरोप पाठवला.

मंगळवारी आमचे बीट जमादार आले. ते इकडचेच, गोंडी समजणारे. त्यांनी सातही घरी एकच प्रश्न विचारला, "नंबर कोनाले सांगतला होता?" सातही जणांनी एकच उत्तर दिलं, "कोनालेच नाई." ते खरं होतं. प्रश्न चुकीचा होता, हे तेव्हा त्यांना कळलं नाही आणि मलाही नाही.

सातही जणांनी पैसे शेवटचे शुक्रवारच्या बाजारात पाहिलेले. रविवारी गाव घरीच होतं. म्हणजे जे झालं ते शनिवारच्या सकाळी, गाव रिकामं असताना. आणि त्या सकाळी, मी आणि किराणावालासुद्धा पानाला गेलेलो असताना, गावात धडधाकट माणूस एकच होतं, सखी. तिच्याकडे मशीनही होतं. जमादारांनी ते जप्त केलं, पंच म्हणून माझ्याच पुतण्याची सही घेतली. तोवर तिच्या घरापुढे माणसं जमायला लागली होती. एक जण मोठ्याने म्हणाला, "परक्या गावची पोरगी. आपल्या घरातली असती त हात नसता धजला." तिचा नवरा ट्रॅक्टरजवळ उभा होता. तो चाकाची हवा पाहत राहिला.

बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असा कायदा आहे. पण त्या घरापुढे जबाब घेण्यासारखी परिस्थिती राहिली नव्हती. ठाणेदारांनी तिला बुधवारी ठाण्यात यायला सांगितलं, मी सोबत राहायचं आणि दिवस मावळायच्या आत तिला घरी पोचवायचं, अशी डायरीत नोंद केली. ठाणेदार नवे होते, लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवत नसत. पण त्यांना लवकर उलगडा हवा होता, आणि मशीनच्या आतला व्यवहार बघायचा तर बॅंकेचा माणूस चंद्रपूरहून पुढच्या आठवड्यात येणार होता.

"त्या सकाळी गावात कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी अन सासूबाई. त्याइले उठता येत नाई, म्हनून मी पानाले गेली नाई. अन एक भांडेवाला आलता फटफटीवर. मी म्हटलं कोनी नाई गावात, परत जाय. तो म्हने पानी पितो अन जातो."

जमादार लिहून घेत होते. ही ओळ त्यांनी लिहिली आणि पुढे गेले.

"मशीन कुठं होतं?"

"छतावर, उन्हात. चार दिवस लाइन नव्हती, त सोलरवर लावून ठेवलं होतं."

"कोणाचं कार्ड कुठं ठेवलेलं असतं, तुम्हाला माहीत आहे?"

"साहेब, आमच्या गावात कोन कुठी काय ठेवते हे कोनापासून लपलं नाई."

"आणि नंबर?"

ती एकदम थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. ठाणेदारांकडे नाही, जमादारांकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाली, "नाई जी. मी नंबर पाहात नाई. ते दाबतेत तवा मी तोंड फिरवतो."

ती थांबली हे ठाणेदारांनी पाहिलं होतं. वीस वर्षांत मी एक शिकले आहे, निर्दोष माणूसही ठाण्यात खोटं बोलतो, आणि ते खोटं चोराच्या खोट्यापेक्षा ओबडधोबड असतं. ती खोटं बोलली हे मलाही कळलं. का बोलली ते कळलं नाही. तिने माझ्याकडे का पाहिलं, तेही नाही.

ते अर्ध्या तासात कळलं.

तक्रार करणाऱ्यांत पहिली जी म्हातारी होती, तिलाही बोलावलं होतं. ती गोंडीच बोलते. मराठी तिला कळतं, पण ठाण्यात आल्यावर तेही कळेना. जमादार तेवढ्यात एका अपघाताच्या पंचनाम्याला निघून गेले. खोलीत ठाणेदार, म्हातारी आणि मी. सखी बाहेरच्या बाकावर. ठाणेदारांनी जप्त केलेलं मशीन टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, "पाटीलबाई, यांना सांगा, दुकानात करता तसं करून दाखवा. कार्ड टेकवा आणि नंबर दाबा. मला बघायचंय हे कसं चालतं."

मी सांगितलं. म्हातारीने पदराच्या गाठीतून कार्ड सोडलं, मशीनला टेकवलं, बोट वर धरलं. आणि मान वळवून ठाण्याच्या दाराकडे पाहिलं. चौकट खालपासून वरपर्यंत पाहिली. दुसऱ्या दाराकडे पाहिलं. मग बोट तसंच हवेत ठेवून मला गोंडीत म्हणाली, "माझं दार इथं कुठं आहे? दार नाही तर नंबर कसा दाबू?"

मी तिचं बोट धरून खाली घेतलं.

कार्ड वाटायच्या दिवशी काय झालं होतं ते आता लिहिते. बॅंकेचा पोरगा सांगत होता, चार आकडे मनात ठेवा, कुठं लिहू नका, जन्मतारीख ठेवू नका. आमच्याकडे जन्मतारीख कोणाला माहीत असते? एकेका बाईला दहा मिनिटं लागत होती. आकडा सांगायची आणि लगेच विसरायची. ऊन चढलं. पोराला दुपारच्या आत जंगलाचा रस्ता ओलांडायचा होता. तेव्हा मी रांगेत मोठ्याने ओरडले, "मलेरियाच्या फवारणीवाल्यानं तुमच्या दारावर गेरूनं आकडे लिहिले ना? तेच ठेवा. रोज दिसतेत, विसरनार नाई." गावाचे दोन आकडे, घराचे दोन आकडे, झाले चार. वाचता येत नसलं तरी दारावरचं चित्र पाहून मशीनवर तसंच दाबता येतं. रांग झटक्यात संपली. लोक म्हणाले, पाटीलबाईचं डोकं चालते. मलाही तसंच वाटलं. माझ्या स्वतःच्या कार्डाला मी वेगळाच नंबर ठेवला, कारण मला आकडे लक्षात राहतात. म्हणून पुढे वर्षभर ती गोष्ट माझ्या मनातही आली नाही.

आणि नंबर सांगावा कोणाला लागतच नव्हता. तो साऱ्या गावाच्या दारांवर लिहिलेला होता. सखीलाही ठाऊक होता. पण ते बोलली असती तर नंबर आपल्याला माहीत आहेत हे तिने कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मी सांगेन म्हणून. चोर असती तर तिने तसं पाहिलं नसतं, हे मला तिथंच कळलं.

"काय म्हणतात त्या?" ठाणेदारांनी विचारलं.

मी म्हणाले, "घाबरली आहे साहेब. म्हणते, नंबर आठवत नाही."

ते वाक्य मी विचार करून बोलले नाही. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मी ते परतही घेतलं नाही, तेव्हा विचार न करता बोलले ही सबब चालत नाही.

ठाणेदारांनी मान हलवली. "बघा. स्वतःचा नंबर यांना माहीत नाही. मग दुसऱ्या कोणाला तरी माहीत असणार. जी रोज यांचे पैसे भरते तिला." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, फिर्यादीस नंबर ज्ञात नाही, तो संशयितास ज्ञात असण्याची शक्यता आहे. माझ्या एका वाक्याने त्या बाईभोवतीचा फास आवळला, आणि मी शेजारी बसून त्यांना पेनाचं टोपण शोधून दिलं.

दिवस मावळायच्या आत आम्ही तिघी एका टेम्पोत मागे बसून परत निघालो. रस्ताभर सखी मागे पडणाऱ्या झाडांकडे पाहत होती. म्हातारी मात्र बडबडत होती, ठाण्याला दारं आहेत पण नंबर नाहीत म्हणून. मी ऐकत होते. गोंडी सखीला येत नव्हतं.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं की नंबराची गोष्ट आत्ता बोलले तर गावात फुटेल आणि चोर सावध होईल. आधी चोर धरू, मग सगळंच सांगू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ते निमित्त होतं. पोलीस पाटलीणबाईनेच गावाला चोराच्या हातात दिलं, हे वीस वर्षांच्या नावावर यायला नको होतं, एवढंच.

पण मन एका जागी ठरेना. गुरुवारी माणसं जंगलातून परतल्यावर मी सातही घरी फिरले. काय शोधते ते मला माहीत नव्हतं. दाराशी उभी राहून आकडे पाहायची आणि आत जायची. तिसऱ्या घरी चुलीजवळ नवा कोरा ॲल्युमिनियमचा गंज दिसला. म्हटलं, मागच्या घरीही असाच होता. चौथ्या घरी मी आधी चुलीकडेच पाहिलं. सातही घरांत नवं भांडं. ज्यांचे पैसे गेले नव्हते अशा पाच घरांत जाऊन आले, तिथं जुनीच काळी भांडी.

"हा गंज कुठून घेतला?" मी एका बाईला विचारलं.

"तो भांडेवाला नाई का येत फटफटीवर? त्याच्यापाशीबी मशीन हाये. दारातच कार्ड लावते. बरं पडते, दुकानापर्यंत नंबर ध्यानात ठेवा लागत नाई. इथीच मान वर केली की दिसते."

तेव्हा सगळं जुळलं. दुकानात लोक नंबर पुटपुटत येतात, किंवा घरच्या कोणाला पाहून यायला पळवतात. पण जो दारातच विकतो, त्याच्यासमोर बाई कार्ड कुठून काढते ते दिसतं, आणि नंबर दाबायच्या आधी ती मान वर करून कुठं पाहते तेही दिसतं. दोन-तीन घरांत हे पाहिलं की हुशार माणसाला पुरे. आणि शनिवारी, सगळं गाव जंगलात असताना, तो विकायला आला होता. महिनोन्‌महिने या भागात फिरणाऱ्या फेरीवाल्याला हंगामात सकाळी गिऱ्हाईक नसतं हे माहीत नसेल? सखीने ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली होती. आम्ही तिच्यावर थांबलो नाही, कारण सांगणारीवरच आमचा संशय होता.

मी जमादारांना निरोप पाठवला, भांडेवाल्यावर संशय आहे, शुक्रवारी बाजारात भेटू. नंबराबद्दल त्या निरोपात काही नव्हतं.

शुक्रवारच्या आठवडी बाजाराला जमादार साध्या कपड्यांत आले. भांडेवाला चिंचेखाली बसला होता, पन्नाशीचा, कपाळावर घाम, तोंड सारखं चालू.

"घ्या बाई, घासून पाहा. चंद्रपूरचा माल हाये. कार्ड चालते, नगद चालते, मोहाबी चालते. तुमचा बुढा चालत असन तर तोबी घेतो बदल्यात."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी गंज उचलला.

"गेल्या शनिवारी आमच्या गावी आलता ना?"

"शनिवारी? आलतो बा."

"काय विकलं?"

"विकले दोन-चार गंज."

"कोनाले? गाव त पानाले गेलं होतं."

तो हसला, पण हात थांबला. "मंग नसन विकलं. आता रोजचं कुठी ध्यानात राहते?"

"गाडी कुठी लावली होती?"

"हापशीपाशी."

"किती वेळ?"

आता तो माझ्या मागे उभ्या असलेल्या जमादारांच्या बुटांकडे पाहत होता. साधे कपडे घातले तरी पोलीस बूट बदलत नाहीत, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं होतं.

ठाण्यात त्याला कोणी हात लावला नाही. गरज पडली नाही. पाणी पिण्यापुरता थांबला म्हणणारा माणूस सातही घरांत गेला हे मान्य करायला त्याला दीड तास लागला. मग त्याला राग आला. धरल्या गेलेल्या माणसाला बरेचदा राग येतो, लाज नंतर येते, किंवा येतच नाही.

"साहेब, म्या कुलूप तोडलं नाई, कोनाले ढकललं नाई. नंबर दारावर लिहून ठेवते गाव, मंग माह्या एकट्याचाच काय गुन्हा?"

"दारावर?" ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. "कसला नंबर दारावर?"

त्याने सगळं सांगितलं. फवारणीचे आकडे, मान वर करणाऱ्या बाया, सगळं. ठाणेदार ऐकून घेत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"पाटीलबाई, बुधवारी ती म्हातारी दाराकडे बघत होती. ती नक्की काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. आणि तो नंबर ठेवायला कोणी सांगितलं तेही सांगितलं. जमादारांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला. "साहेब, लोकाइनं आपल्या मनानं ठेवला असं लिहू ना. बाईची नोकरी संपत आली."

"लिहा, मी सांगितला होता," मी म्हणाले. त्यात काही मोठेपणा नव्हता. आधी सांगितलं असतं तर मी होऊन सांगितलं म्हणता आलं असतं. हे विचारल्यावर दिलेलं उत्तर होतं.

ठाणेदारांनी माझा जबाब नोंदवला. मग म्हणाले, "आधी गावात जा. त्या बाईला आणि गावाला सांगा. बाकीचं नंतर बघू."

जमादारांच्या गाडीवर बसून चारच्या सुमाराला गावात पोचले. सखीच्या घरापुढे तिची पेटी उपडी पडली होती. कपडे, बचत गटाच्या वह्या, तिच्या मुलीची पाटी, सगळं मातीत. सकाळी पानांवरून परतलेली पंधरा-वीस माणसं आली होती. मारलं कोणी नाही. पेटी बाहेर फेकली आणि दुपारच्या एसटीच्या आत निघून जा म्हणाले. नवरा तेव्हाही ट्रॅक्टरजवळ होता. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. खाटेवरची सासू आतून ओरडत होती, पण तिची जीभ जड झालेली, काय म्हणते ते कोणाला कळलं नाही. कळून घ्यायचंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बॅंकेचा माणूस आला. भांडेवाल्याच्या मशीनमध्ये शनिवारचे सातही व्यवहार निघाले, सखीच्या मशीनमध्ये एकही नाही. लोकांना पैसे परत मिळाले. बॅंकेच्या माणसाने सगळ्यांचे नंबर बदलले, या वेळी एकेकाला बाजूला बसवून, दोन दिवस लावून. मला वरून कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं. ताकीद देऊन सोडलं.

मग मी भद्रावतीला गेले. अहेरीहून चंद्रपूर, तिथून दुसरी एसटी. ती माहेरच्या ओसरीत शिलाई मशीनवर बसली होती. मला पाहून उठली नाही. मी तिला सगळं सांगितलं, ठाण्याने ती निर्दोष असल्याचं लिहून दिल्याचा कागदही पुढे केला. तिने तो घेतला नाही. तिने एकच विचारलं.

"तुम्हाले कधी कळलं, काकू?"

"बुधवारी."

मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं. "अन माह्या घरी लोक शुक्रवारी आले."

मी कागद तसाच पुढे धरून होते.

"हा कागद मले नका देऊ," ती म्हणाली. "मले माहीत हाये म्या काय केलं नाई. तिथी सांगा. फळीवर, सारे असतेत तवा. भांडेवाल्याचं नका सांगू, ते त्याइले कळलंच असन. तुम्हाले कोनत्या दिवशी कळलं, ते सांगा."

हंगामाचे शेवटचे दिवस होते. संध्याकाळी फळीवर सगळं गाव होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं. नंबर मी ठेवायला लावला. बुधवारी मला कळलं. मी साहेबाला खोटं सांगितलं. त्यानंतर दोन दिवस मी गप्प बसले आणि तुम्ही तिची पेटी फेकली. ज्यांनी पेटी फेकली होती ते पानांकडे पाहत होते. ती म्हातारी मात्र पुढे येऊन गोंडीत म्हणाली, "मी तर तुला बरोबर सांगितलं होतं." मी म्हणाले, हो.

पावसाळ्याच्या तोंडाशी सखी परत आली, सासूसाठी. मशीन परत घेतलं नाही, ते आता दुसरीकडे आहे. माझ्या दारावरून जाते तेव्हा माझ्याशी बोलत नाही. तिने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

या कार्डांबद्दल लोक मला विचारतात, चांगली की वाईट. चांगली आहेत. लाइन गेली तरी आमच्या बाया आता मीठ-तेल आणतात, अहेरीची चक्कर वाचते. त्या चोरीत कार्डाची चूक नव्हती. घाईत मी नंबर दिला, तीही चूक माफ होण्यासारखी होती, त्या दिवशी मला त्याहून बरं सुचलं नसतं. पुढचं माफ होण्यासारखं नाही. तपासाच्या कागदावर गुन्हा कधी घडला, आरोपी कधी धरला, मुद्देमाल कधी मिळाला, सगळ्याची तारीख असते. ज्याचा दोष नाही हे पोलिसाला कळलं आहे असा माणूस त्यानंतर किती वेळ संशयाखाली बसला, याला रकाना नाही. तो पोलिसाने स्वतः भरायचा असतो. माझ्या रकान्यात दोन दिवस आहेत.